म्युनिकला नवीन आहात? पहिलं शिखर असं गाठा

म्युनिकजवळच्या हिर्शबर्ग डोंगराची उंची १६६८ मीटर, कळसूबाईची १६४६. फरक फक्त बावीस मीटरचा. म्युनिकला आल्यावर पहिल्याच एप्रिलात हे आकडे पाहून मला हसू आलं होतं. कळसूबाई मी चार वेळा चढलेली, त्यातली एकदा भर पावसात. म्हणून हिर्शबर्गला पायात ऑफिसला जायचे स्पोर्ट्स शूज, पाठीवर लॅपटॉपची सॅक, तिच्यात दोन सफरचंदं, अशी निघाले. खाली टेगर्नझे तळ्याकाठी लोक आइस्क्रीम खात होते. वर झाडी संपता संपता सावलीतल्या उतारावर गुडघाभर बर्फ होता, आणि तोही भुसभुशीत नव्हे. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, काचेसारखा. शिखर समोर दिसत असताना मागे फिरले. उतरताना निम्मी वाट बसून घसरत आले आणि जीन्सचा पार्श्वभाग तिथेच ठेवून आले.

तेव्हापासून आठ वर्षं जवळपास दर मोसमात या डोंगरांत जातेय. पुण्या-नाशकाहून कुणी नवीन आलं की तेच प्रश्न विचारतं, म्हणून हे एकदा लिहून ठेवते. म्युनिकच्या दक्षिणेला, लोइझाख आणि इन या दोन नद्यांच्या मध्ये जो डोंगराळ पट्टा आहे, त्याला बायरिशे फोरआल्पेन म्हणतात, म्हणजे आल्प्सचा बव्हेरियातला पायथा. सगळ्यात उंच शिखर क्रोटनकोप्फ, २०८६ मीटर. बाकीची बहुतेक १२०० ते १८५० च्या दरम्यान, म्हणजे अगदी आपल्या सह्याद्रीच्या मापाची. योखबर्ग १५६५ मीटर, साल्हेर १५६७! सह्याद्रीत फिरलेला माणूस नेमका इथेच फसतो. उंची तीच असली तरी अक्षांश १९ नाही, ४८ आहे.

१. डोंगर निवडताना आकड्यांवर जाऊ नका

नवीन माणूस पहिल्यांदा त्सुगश्पिट्सं शोधतो, कारण ते जर्मनीतलं सर्वोच्च, २९६२ मीटर. पाहुणे आले की रेल्वेनं किंवा केबल कारनं जाऊन फोटो काढून या, पण तो ट्रेक नव्हे. चालत जायच्या वाटा मुरलेल्यांसाठी आहेत.

पहिल्या खेपेला माझी शिफारस एकच: टेगर्नझे स्टेशनातून नॉयरॉइट. उंची १२६१ मीटर, चढ सुमारे ५०० मीटर, वेळ दीड तास. बस नाही, गाडी बदलायची नाही. स्टेशनाबाहेर पडलं की पाट्या सुरू. वर खाण्यापिण्याची सोय आहे आणि खाली आख्खं तळं दिसतं. ‘एवढंसंच?’ असं म्हणू नका. तिथे पोचल्यावर अंगात जोर असेल तर पुढे गिंडेलआल्म, क्रॉइत्सबर्गआल्म करत बाउमगार्टनश्नाइड (१४४८ मीटर) गाठा, आणि रीडरश्टाइनच्या कड्यावरचं चॅपल पाहून पुन्हा टेगर्नझेला उतरा. हा पूर्ण फेरा पाच-साडेपाच तासांचा. दमलात तर नॉयरॉइटवरूनच परत. पहिल्या डोंगराला अशी मधून सुटायची सोय हवीच.

नावं वाचायला शिकलात तर निम्मा अंदाज नकाशावरच येतो. बर्ग म्हणजे डोंगर. कोप्फ म्हणजे डोकं, बहुधा गोलसर माथा. श्पिट्सं म्हणजे टोक. श्नाइड म्हणजे धार, आपल्याकडच्यासारखीच. वांड म्हणजे भिंत, सरळ कडा. योख आणि झाटल म्हणजे खिंड. आल्म म्हणजे उन्हाळ्यात गुरं चारायचं वरचं कुरण आणि तिथली झोपडी.

२. तारीख: मे महिन्यावर विश्वास ठेवू नका

शहरात मे महिन्यात ट्युलिप फुललेले असतात, पण डोंगराच्या उत्तरेकडच्या, सावलीतल्या उतारांवर जुना बर्फ मे अखेरपर्यंत, कधी जूनमध्येही टिकतो. म्युनिकहून जाणाऱ्या बऱ्याच वाटा नेमक्या उत्तरेकडूनच चढतात. निघायच्या आदल्या दिवशी त्या डोंगरावरचा किंवा शेजारच्या केबल कार स्टेशनवरचा वेबकॅम पाहा. दोन मिनिटांचं काम. माझी जीन्स वाचली असती.

जून ते ऑगस्ट दिवस मोठा, जून-जुलैत तर नऊनंतरही उजेड. पण दुपारी वादळी पाऊस आणि विजा. सकाळी निळंशार आभाळ, अकराच्या सुमारास फुलकोबीसारखे ढग चढायला लागले की समजून जा. उन्हाळ्यात नियम सोपा: दुपारी एकपर्यंत माथ्यावरून खाली निघालेलं असावं. वीज कडाडायला लागली तर धारेवर, एकट्या झाडाखाली किंवा माथ्यावरच्या क्रॉसपाशी थांबायचं नाही. तो क्रॉस बहुतेक वेळा आसपासच्या सगळ्यात उंच जागी असतो, हे विसरू नका.

माझा आवडता काळ सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. हवा स्थिर, गर्दी कमी, गुरं सजवून खाली आणायची मिरवणूकही याच दिवसांत. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या आठवड्यात दरवर्षी कुणी ना कुणी मोबाइलच्या टॉर्चवर उतरत असतं.

फ्योन नावाचा दक्षिणेकडून येणारा कोरडा, उबदार वारा वाहू लागला की म्युनिकच्या गच्चीवरून डोंगर हाताच्या अंतरावर दिसतात. मोह होतो. पण वर धारेवर तोच वारा माणसाला ढकलतो, आणि तो थांबला की हवामान झटकन बिघडतं.

३. कागदपत्रं आणि सामान

आदल्या रात्री दारापाशी काढून ठेवा:

- ओळखपत्र. डॉइचलांडटिकिट (देशभर स्थानिक गाड्यांना चालणारा मासिक पास) दाखवताना नावाची खातरजमा करायला मागतात. ऑस्ट्रियाच्या हद्दीत शिरणारी वाट असेल तर पासपोर्ट आणि निवासपरवान्याचं कार्ड, दोन्ही.
- आरोग्य विम्याचं कार्ड.
- रोख चाळीस-पन्नास युरो. वरच्या कित्येक ठिकाणी कार्ड चालत नाही, आणि चालत असलं तरी नेटवर्क नसतं.
- घोटा धरणारे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट. आपला बसाल्टचा कातळ ओला असला तरी बूट थोडाफार धरतो. इथला चुनखडक हजारो पायांनी गुळगुळीत झालेला असतो, पाऊस पडला की साबण. ओली मुळं त्याहून वाईट.
- वॉटरप्रूफ जॅकेट, एक गरम थर, एक कोरडा टीशर्ट. घामट टीशर्ट माथ्यावर बदलला नाही तर पाच मिनिटांत दात वाजतात.
- दीड ते दोन लिटर पाणी. चुनखडकात पाणी मुरतं, त्यामुळे वर झरे कमी. लाकडी हौदावर ‘काइन ट्रिंकवासर’ लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.
- हेडटॉर्च, पॉवरबँक, छोटी प्रथमोपचार पेटी, टोपी, सनस्क्रीन.
- १:२५,००० चा कागदी नकाशा किंवा मोबाइलवर आधीच उतरवून घेतलेला. दऱ्यांत रेंज जाते.
- काठ्या. मी तिशीत होते तेव्हा मला त्यांची लाज वाटायची. आता नाही वाटत.

एक गोष्ट सामानात मोडत नाही, पण इथेच सांगते. गवतातल्या गोचिडांमुळे इथे मेंदूज्वराचा एक प्रकार होतो. जवळपास सगळा बव्हेरिया त्याच्या धोक्याच्या क्षेत्रात येतो. त्यावरची लस तीन डोसांची आहे, तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे मिळते, हिवाळ्यातच सुरू करा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली तपासायचं.

आणि डॉइचर आल्पेनफेराइनचं, म्हणजे जर्मन गिर्यारोहण संघाचं सभासदत्व. ही संस्था १८६९ मध्ये म्युनिकमध्येच स्थापन झाली. वर्षातून तीन-चारदा जाणार असाल तर घ्या. त्यात डोंगरातल्या बचावकार्याच्या खर्चाचा विमा येतो, त्यांच्या हुट्ट्यांवर, म्हणजे डोंगरावरच्या विश्रामगृहांत, मुक्काम स्वस्त पडतो आणि शाखेतून साहित्य भाड्यानं मिळतं. इथली खोच: सोडायचं असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षाची वर्गणी खात्यातून जाते. जर्मनीतल्या सगळ्याच वर्गण्यांसारखं.

४. गाडी: योग्य डब्यात बसा

डॉइचलांडटिकिट असेल तर वेगळं काही काढायला नको. नसेल आणि दोघं-चौघं असाल तर बायर्नटिकिट, म्हणजे बव्हेरियाभरचं दिवसाचं तिकीट, पाच जणांपर्यंत एकच. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं, शनिवार-रविवारी मात्र पहाटेपासून.

आता खरा सापळा. म्युनिकच्या मुख्य स्टेशनातून सुटणारी टेगर्नझेकडची गाडी एक दिसते, पण तिच्या पोटात तीन गाड्या असतात. हॉल्त्सकिर्खनला एक तुकडा तुटून श्लियरझे आणि बायरिशत्सेलकडे जातो. उरलेली गाडी शाफ्टलाखला पुन्हा तुटते: अर्धी टेगर्नझेला, अर्धी लेंगग्रीसला. कुठला डबा कुठे जाणार ते डब्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, घोषणाही होते. मी एकदा मैत्रिणीशी गप्पा मारत चढले आणि टेगर्नझेऐवजी लेंगग्रीसला उतरले. चूक सर्वस्वी माझी. त्या दिवशी नाइलाजानं तिथला ब्राउनेक डोंगर केला, छान झाला, ती गोष्ट वेगळी. पण बरोबरचे चौघं टेगर्नझेच्या फलाटावर माझी वाट बघत होते.

आठच्या आधीची गाडी धरा. नऊनंतर सायकली, कुत्री आणि बाबागाड्यांमध्ये उभं राहून जावं लागतं. परतीच्या शेवटच्या दोन गाड्या आणि बस लागणार असेल तर शेवटची बस कागदावर लिहून घ्या. डोंगरातली शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते, आणि ती गेली की गेली.

५. पिवळी पाटी वाचायला शिका

सह्याद्रीत आपण बाण शोधतो, नाहीतर गावातला वाटाड्या घेतो. इथे प्रत्येक फाट्यावर पिवळी पाटी असते: ठिकाण, वेळ आणि एक रंगीत ठिपका. निळा म्हणजे सोपी वाट. लाल म्हणजे मध्यम: अरुंद, चढ जास्त, काही ठिकाणी पडण्याचा धोका. काळा म्हणजे अवघड, हात लावून चढायचं आणि पाय घसरला तर महागात पडायचं. पहिल्या वर्षी निळा आणि लाल, बस्स. वर्णनात ‘ट्रिटझिखरहाइट’ हा शब्द आला तर पाऊल पक्कं हवं, आणि ‘श्विंडेलफ्राइहाइट’ आला तर खाली दरी बघून गरगरता कामा नये. दोन्ही शब्द असतील तर लहान मुलांना आणि भारतातून पाहुणे आलेल्या मावशींना नेऊ नका.

पाटीवर किलोमीटर नसतात, तास असतात. तिथेच आपली मंडळी गोंधळतात. हिशेब साधारण असा: तासाला ३०० मीटर चढ, ५०० मीटर उतार, सपाटीवर ४ किलोमीटर. चढाचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा, मोठा आकडा पूर्ण धरायचा आणि लहान आकड्याचा निम्मा त्यात मिळवायचा. म्हणजे ६०० मीटर चढ आणि ६ किलोमीटर अंतर असेल तर दोन तास अधिक पाऊण तास, पावणेतीन तास. यात चहा, फोटो, बूट बांधणं, ‘जरा थांब ना’ काही नाही. आपल्या ग्रुपसाठी मी सरळ दीडपट करते. पाच जणांहून मोठा ग्रुप असेल तर दुप्पट, कारण कुणीतरी पुरणपोळी आणलेली असतेच.

मोबाइलवरच्या ॲपचं ऐकताना जपून. सायकलवाले आणि ट्रेल रनर यांनी चढवलेले रूट त्यात असतात, आणि त्यांच्या मते जे ‘सोपं’ ते तुमच्या सासऱ्यांसाठी नसतं. ॲप आणि पाटी यांचं जमत नसेल तर पाटी खरी.

६. वाटेवर

हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना ‘डू’, म्हणजे ‘तू’ म्हणतात अशी इथली रीत आहे, अगदी ऑफिसातले मोठे साहेबही. भेटेल त्याला ‘ग्र्युस गॉट’ किंवा ‘सेर्वुस’ म्हणायचं. न बोलता पुढे गेलं तर उद्धट दिसतं.

कुरणातून वाट जाते तिथे गुरं मोकळी असतात. गोमाता म्हणून पाठीवर हात फिरवायला, नमस्काराला जाऊ नका. वासरू जवळ असेल तर गाय अंगावर येते, आणि ती सहाशे किलोची असते. लांबून वळसा घाला, पळू नका. फाटक उघडलंत तर बंद करा. फाटकाजवळची पातळ तार विजेची असते, प्लास्टिकची मूठ धरूनच काढायची.

किल्ल्यावर तंबू ठोकून चांदण्यात खिचडी करायची सवय इथे चालत नाही. तंबू टाकून राहायला मनाई आहे आणि चूल पेटवणं तर नकोच. मुक्काम करायचा तर हुट्ट्यावर, आधी जागा राखून, सोबत स्वतःचा पातळ स्लीपिंग लाइनर घेऊन.

७. हुट्ट्यावर शाकाहारी माणसानं काय खावं

हुट्टे म्हणजे डोंगरावरचं विश्रामगृह. फळीवर खडूनं मेनू लिहिलेला असतो. सुरक्षित पदार्थ: केझश्पेत्सलं, म्हणजे चीज आणि तळलेल्या कांद्यातल्या घरगुती नूडल्स. त्यावर कधी खारवलेल्या मांसाचे तुकडे टाकतात, म्हणून ‘ओनं श्पेक’ असं सांगा. काइझरश्मारन, म्हणजे जाड गोड धिरडं तव्यावरच फाडून, सफरचंदाच्या मोरंब्यासोबत. यात अंडं असतं. ताकासारखं बुटरमिल्ख मिळालं तर सोडू नका.

फसवे पदार्थ सूपमध्ये. चीजच्या तळलेल्या वड्याचं सूप शाकाहारी वाटतं, पण खालचं पाणी बहुतेक वेळा गोमांसाच्या हाडांचं असतं. वडा कोशिंबिरीबरोबर मागा. क्न्योडल म्हणजे नुसता गोळा. त्याच्या आधी लेबर लागलं की कलेजी, श्पेक लागलं की डुकराचं मांस.

जायच्या आधी त्यांचा सुट्टीचा वार बघून घ्या. ‘रूहंटाग’ची पाटी आणि बंद दार बघून झालेली निराशा शब्दांत सांगता येत नाही. म्हणून सॅकमध्ये दोन पराठे असावेतच. मात्र हुट्ट्याच्या अंगणात बसून घरचा डबा उघडायचा नाही. थोडं पुढे जाऊन बाकावर बसा.

८. शिखर

जवळजवळ प्रत्येक माथ्यावर क्रॉस असतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला बांधलेल्या पत्र्याच्या डब्यात एक वही. येणारा आपलं नाव, तारीख, हवा लिहितो. अपघात झाला तर शोधायलाही ती कामाला येते, म्हणून पुढे कुठे जाणार तेही लिहावं.

बाबा सहासष्टाव्या वर्षी नाशिकहून आले तेव्हा त्यांना बाउमगार्टनश्नाइडवर नेलं. चढताना ते दर फाट्यावर “अगं, किती राहिलं?” विचारत होते आणि मी पाटीवरचा वेळ सांगितला की “म्हणजे आपला एक तास” असं स्वतःशीच म्हणत होते. वर पोचल्यावर त्यांनी आधी बूट काढले. मी म्हटलं, “बाबा, गार पडाल.” ते म्हणाले, “देवाच्या जागी बूट घालून कसा जाऊ?” क्रॉसला हात लावून तो कपाळाला लावला, जसा कळसूबाईच्या देवळाच्या उंबऱ्याला लावतात. शेजारी ब्रेड आणि मुळा खात बसलेल्या आजोबांनी टोपी काढली. मग बाबांनी वही मागितली आणि पेन्सिलीनं लिहिलं: ‘नाशिकहून आलो. हवा उत्तम. गुडघे ठीक.’

९. उतरणं, आणि अडचण आली तर

चढून झालं म्हणजे झालं असं वाटतं, पण घात होतो तो उतरताना. पाय थकलेले, लक्ष गाडीच्या वेळेवर. लहान पावलं टाका, घसाऱ्यावर वजन पुढच्या पायावर ठेवा, मागे रेललात की बूट सुटतो. वाटेची वळणं कापून सरळ खाली उतरू नका. खाली कडा असतो आणि वरून दिसत नाही.

मदतीसाठी क्रमांक ११२. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही नेटवर्कवरून तो लागू शकतो. कुठे आहात, काय झालं, किती जखमी आणि हवा कशी आहे, एवढं सांगा. डोंगरातले बचावपथक बेर्गवाख्ट येतं. एसओएस ईयू आल्प नावाचं ॲप घालून ठेवा, ते तुमचं ठिकाण थेट मदतकेंद्राला पाठवतं आणि बव्हेरियासोबत ऑस्ट्रियातल्या तिरोलमध्येही चालतं. फोन मेला असेल तर शिट्टी किंवा टॉर्च: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीनदा येतं. हेलिकॉप्टर दिसल्यावर आनंदानं एक हात हलवू नका. दोन्ही हात तिरके वर, इंग्रजी वायसारखे, म्हणजे मदत हवी. एक वर आणि एक खाली म्हणजे नको.

१०. पुढचे डोंगर

नॉयरॉइट आणि बाउमगार्टनश्नाइड झाले की हिर्शबर्ग, जूननंतर. मग कोखेलहून बसनं केसलबर्ग घाटात उतरून योखबर्ग: सुमारे ७०० मीटर चढ, आणि माथ्यावरून एका बाजूला कोखेलझे, दुसऱ्या बाजूला त्याच्याहून दोनशे मीटर उंचावरचं वाल्खनझे. पाहुण्यांसाठी वेंडेलश्टाइन (१८३८ मीटर). तिथे १९१२ पासून दात्यांच्या रुळांवरची रेल्वे वर जाते, त्यामुळे आईबाबा गाडीनं आणि तुम्ही पायी, असं वर भेटता येतं.

हेर्त्सोगश्टांड ते हाइमगार्टन ही धार दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. फोटोत ती फार देखणी दिसते आणि हेर्त्सोगश्टांडला केबल कार जाते, त्यामुळे चपला घातलेली माणसंही धारेच्या तोंडापर्यंत पोचतात. तिथून पुढे दोन तास दोन्ही बाजूंना उतार आहे आणि मधून सुटायला वाट नाही. ढग असतील तर केबल कारनंच खाली या, पुन्हा जाता येतं. मी तिसऱ्या खेपेला पार केली.